आधी आलेख, मग पॅनेल

यावल तालुक्यातला केळी उत्पादक तापमानाकडे पैशांच्या नजरेने पाहतो. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदींवर. हिवाळ्यात पारा किती उतरला, उन्हाळ्यात ठरलेल्या मर्यादेच्या वर सलग किती दिवस राहिला, यावर हेक्टरी रक्कम मिळते किंवा हुकते. त्यामुळे फैजपूर, भालोद, किनगाव, साकळी या पट्ट्यात एप्रिल उजाडला की तापमानाचे तक्ते मोबाइलवर फिरू लागतात. ते शेजारच्या मंडळाशी ताडून पाहिले जातात, मागच्या एप्रिलशी जुळवले जातात, हवामान केंद्र योग्य जागी बसवले आहे का यावर वादही झडतात. काळानुसार बदलणारे आकडे कसे वाचायचे, हे या तालुक्याला कुणी शिकवायला नको.

याच तालुक्यात आकड्यांची दुसरी एक मालिका दर महिन्याला आपसूक दारात येते आणि न वाचता फाइलला लागते. तहसील कार्यालय, पंचायत समिती, नगरपरिषद, ग्रामीण रुग्णालय, एसटीचे आगार, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय, शाळा, वसतिगृहे, ग्रामपंचायती अशा प्रत्येक जोडणीचे महावितरणचे बिल येते. त्यावर मागील रीडिंग असते, चालू रीडिंग असते, वापरलेले युनिट असतात, मंजूर भार असतो, शिवाय आधीच्या महिन्यांचा वापरही छापलेला असतो. लिपिक रक्कम आणि मुदत पाहतो, देयक मंजुरीला जाते, भरणा होतो. युनिटांचा रकाना वाचणे हे कुणाच्याच कामाच्या यादीत नाही.

खानदेशाला विजेच्या निर्मितीचे आकडे तोंडपाठ आहेत. भुसावळजवळच्या दीपनगर केंद्रात कितवा संच सुरू आहे, हे चहाच्या टपरीवर सांगितले जाते. साक्री तालुक्यातला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये उभा राहिला, तेव्हा त्याची चर्चा धुळ्यापासून मुंबईपर्यंत झाली. वापराची बाजू मात्र कोरी आहे. आता सार्वजनिक इमारतींच्या छतांवर सौर पॅनेल बसवण्याची लगबग सुरू झाली आहे आणि ती स्वागतार्हच आहे. पण ज्या इमारतीचा मागच्या तीन वर्षांचा महिनावार वापर कुणी एका कागदावर मांडलेलाच नाही, तिला किती किलोवॅट लागतात हे ठरवणार कशावरून? कंत्राटदाराच्या सांगण्यावरून की छताच्या मापावरून? तालुक्याने पॅनेलच्या निविदेआधी प्रत्येक सार्वजनिक इमारतीचा आलेख काढायला हवा. त्याला खर्च नाही, मंजुरी लागत नाही आणि लागणारी सगळी माहिती कपाटात पडून आहे.

आलेख काढताना पहिली गोष्ट करायची ती म्हणजे रुपये बाजूला ठेवणे. महाराष्ट्र वीज नियामक आयोग दर ठरवतो आणि ते बदलत राहतात. १ एप्रिल २०२३ आणि १ एप्रिल २०२४ असे लागोपाठ दोन वर्षे ते बदलले. बिलात वीज आकारासोबत स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क असते. शाळा-रुग्णालये सार्वजनिक सेवेच्या वर्गात मोडतात, पाणीपुरवठ्याचा वर्ग वेगळा, पथदिव्यांचा वेगळा. अशा स्थितीत एखाद्या ग्रामपंचायतीने पथदिवे एलईडी केले, युनिट घटले आणि तरीही रुपयांची रेघ वरच गेली, असे सहज घडू शकते. मग सदस्य म्हणतात की एलईडीचा काही उपयोग झाला नाही. त्यांची चूक नाही, त्यांना चुकीची रेघ दाखवली गेली.

पथदिव्यांची आणि पाणीपुरवठ्याची थकलेली बिले पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरावीत, असा आदेश २०२१ मध्ये निघाला तेव्हा राज्यभरातल्या सरपंचांनी विरोध केला. विकासाचा पैसा बिलात का घालायचा, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पण तो सगळा वाद पैसे कुणी भरायचे याभोवती फिरला. गावाला किती दिव्यांसाठी किती युनिट लागायला हवेत आणि प्रत्यक्षात किती लागतात, हा हिशेब दोन्ही बाजूंच्या हातात असता तर भांडण निदान नेमके झाले असते. दिव्यांची संख्या, प्रत्येकाचे वॅट आणि रात्रीचे तास यांचा गुणाकार करून निघालेले युनिट आणि बिलावरचे युनिट यांत मोठी तफावत निघाली, तर दिवसाढवळ्या जळणारे दिवे, आकडे टाकून घेतलेली वीज किंवा बिघडलेले मीटर यांपैकी काहीतरी आहे.

दुसरी काळजी दिवसांची. बिलाचा काळ कधी २८ दिवसांचा असतो, कधी ३३ दिवसांचा. ३१ दिवसांत ३१० युनिट म्हणजे रोजचे १०. २८ दिवसांत ३०८ युनिट म्हणजे रोजचे ११. बिलावर दुसऱ्या महिन्यात दोन युनिट कमी दिसतात, प्रत्यक्षात वापर दहा टक्क्यांनी वाढलेला असतो. म्हणून आलेखावर महिन्याचे युनिट न मांडता दिवसाचे युनिट मांडावेत. आणि मे महिन्याची तुलना मे महिन्याशीच व्हावी. मे-जूनची तुलना केली तर पाऊस पडल्याचे तेवढे कळते.

रेघ काढण्यातही लबाडी करता येते. वापर ४,००० युनिटांवरून ४,२०० वर गेला, म्हणजे पाच टक्के वाढला. आलेखाचा उभा अक्ष शून्याऐवजी ३,९०० पासून सुरू केला की वापर तिप्पट झाल्यासारखा डोळ्यांना दिसतो. निवडणुकीच्या काळात असे आलेख सगळ्यांनी पाहिलेले आहेत.

पण सगळ्यात मोठी गडबड करते ते न घेतलेले रीडिंग. २०२० च्या जून-जुलैमध्ये वीजबिलांवरून राज्यभर संताप उसळला, त्याच्या मुळाशी हेच होते. टाळेबंदीत मार्चअखेरीपासून मीटर रीडिंग थांबले. एप्रिल आणि मेची बिले आधीच्या महिन्यांच्या सरासरीवर निघाली आणि ते महिने हिवाळ्याचे होते. इकडे लोक घरात अडकलेले, पंखे-कूलर दिवसभर सुरू. जूनमध्ये प्रत्यक्ष रीडिंग झाले आणि राहिलेला सगळा फरक एकाच बिलात आला. त्यातच १ एप्रिलपासून दरही बदललेले. ज्या खानदेशात डिसेंबरच्या रात्री स्वेटर लागतो आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तिथे हिवाळ्याच्या सरासरीने उन्हाळा मोजला की काय होणार हे वेगळे सांगायला नको. त्या वर्षाचा आलेख तसाच काढला तर एप्रिल-मे ठेंगणे आणि जून ताडमाड दिसतो. कुणी तज्ज्ञ त्यावरून जूनमध्ये वापर अचानक वाढल्याचा निष्कर्ष काढेल आणि तो शंभर टक्के चुकेल. बिलावर ‘लॉक’ किंवा ‘फॉल्टी’ असा शेरा असलेले महिने आलेखात वेगळ्या रंगात दाखवावेत, एवढी साधी शिस्त पाळली तरी निम्मे घोळ टळतात.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला आणखी एक मोठा बदल झाला होता. राज्य सरकारने १२ फेब्रुवारी २०२० रोजी पाच दिवसांच्या आठवड्याचा निर्णय घेतला आणि २९ फेब्रुवारीपासून तो लागू झाला. वीज, पाणी, इंधन वाचेल, हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते. खरेच वाचली का वीज? जरा हिशेब करून पाहिला तर शंका येते. शनिवारची सुटी देताना रोजच्या कामात ४५ मिनिटांची भर घातली गेली. महिन्याला कामाचे २२ दिवस धरले तर हे साडेसोळा तास होतात. दुसरा आणि चौथा शनिवार आधीपासूनच सुटीचा होता, म्हणजे नव्याने वाचले ते महिन्याचे दोन किंवा तीन शनिवार, साधारण पंधरा ते तेवीस तास. कार्यालय उघडे असण्याचा वेळ फारसा घटलेलाच नाही. बचत झाली असेल तर ती थोडी असणार आणि ती सिद्ध करायला बारीक तुलना लागणार.

आणि नेमकी तीच तुलना टाळेबंदीने अवघड केली. निर्णय लागू होऊन महिनाही झाला नाही तोच कार्यालये ओस पडली. २०१९ आणि २०२० ची बिले शेजारी ठेवून बचतीचा दावा केला, तर तो विषाणूचा प्रताप पाच दिवसांच्या आठवड्याच्या खात्यात जमा होईल. २०२१ मध्येही उपस्थितीवर निर्बंध होते. २०१९ शी ताडायचे तर २०२२ नंतरचेच वर्ष घ्यावे लागेल. यावलच्या तहसील कार्यालयाच्या, पंचायत समितीच्या त्या वर्षांच्या बिलांच्या प्रती काढणे अवघड नाही. राज्यव्यापी धोरणाचा ताळा एका तालुक्याला दुपारभरात मांडता येईल, अशी संधी क्वचितच मिळते.

एका इमारतीची स्वतःशी तुलना झाली की प्रश्न येतो दोन इमारतींच्या तुलनेचा. इथे पाय घसरायच्या जागा अधिक आहेत. यावलच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या कक्षेत डोंगरकठोरा, लालमाती अशा सातपुड्याच्या पायथ्याच्या आश्रमशाळा येतात. मुले तिथेच राहतात. पाण्याचा पंप चालतो, स्वयंपाकघर चालते, रात्री खोल्यांत पंखे फिरतात. जिल्हा परिषदेची शाळा संध्याकाळी कुलूपबंद होते. या दोन शाळांची बिले शेजारी ठेवून आश्रमशाळेला उधळी ठरवणे हा शुद्ध अन्याय झाला. आश्रमशाळेची तुलना आश्रमशाळेशी, तीही चौरस मीटरमागे आणि राहणाऱ्या मुलांमागे अशी दोन्ही अंगांनी व्हायला हवी.

चौरस मीटरमागे वर्षाचे युनिट हे माप देशात रुळलेले आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला आणि २००९ मध्ये या ब्युरोने फ्रिज-एसीसारखीच इमारतींनाही तारे देण्याची योजना आणली. संमिश्र हवामानाच्या पट्ट्यात, निम्म्याहून अधिक भाग वातानुकूलित असलेल्या कार्यालयाला वर्षाला चौरस मीटरमागे १६५ ते १९० युनिट लागले तर एक तारा मिळतो. ९० पेक्षा कमी लागले तर पाच. उष्ण-कोरड्या आणि उष्ण-दमट पट्ट्यांसाठी निकष वेगळे, एसी कमी असलेल्या इमारतींसाठी आणखी वेगळे. ही योजना १०० किलोवॅट आणि त्यावरील जोडभाराच्या मोठ्या कार्यालयांसाठी आखलेली असल्याने तालुक्याच्या बहुतेक इमारती तिच्या जाळ्यात येत नाहीत. तरी भागाकार करायला कुणाची आडकाठी नाही. ३०० चौरस मीटरच्या कार्यालयाला वर्षाला ९,००० युनिट लागत असतील तर आकडा ३० येतो. तालुक्यातल्या सगळ्या कार्यालयांचे असे आकडे उतरत्या क्रमाने लावले की पहिल्या तिघांकडे आधी जायचे, हे ठरते.

एकसारख्या इमारतींतही वापर सारखा नसतो, ही गोष्ट जगाला अर्ध्या शतकापूर्वीच कळली आहे. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीत १९७० च्या दशकात प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी एकाच नकाशावर बांधलेल्या घरांचा ऊर्जावापर वर्षानुवर्षे नोंदवला. घरे तीच, भिंती त्याच, हवामान तेच. तरी घर गरम ठेवायला लागणाऱ्या इंधनात दुपटीहून अधिक तफावत निघाली. राहणारे कुटुंब बदलले की घराचा आकडाही बदलला. पुण्याच्या प्रयास संस्थेच्या ऊर्जा गटाने अलीकडे महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातल्या निवडक घरांत मीटर बसवून मिनिटामिनिटाचा वापर नोंदवला, तोही याच उत्सुकतेपोटी: कागदावरची क्षमता आणि माणसांच्या सवयी यांत अंतर किती? तालुक्यातल्या दोन वसतिगृहांत असे अंतर निघाले तर दोषी शोधण्याआधी विचारायला हवे की कमी वापराच्या वसतिगृहात नेमके काय वेगळे केले जाते.

हवामानाचा हिशेब धरल्याशिवाय खानदेशातली कुठलीही तुलना पुरी होत नाही. मे २०२५ चेच घ्या. त्या महिन्यात राज्यभर अवकाळी पावसाने ठाण मांडले, मान्सून २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला, इतक्या लवकर तो तिथे पूर्वी कधी आला नव्हता. ज्या कार्यालयाने एप्रिल २०२५ मध्ये नवे पंखे बसवले असतील, त्याला मेच्या बिलात घसघशीत बचत दिसली असणार आणि तिचे श्रेय पंख्यांना दिले गेले असणार. त्यातला पावसाचा वाटा किती, हे वेगळे काढायची रीत सोपी आहे. दिवसाचे कमाल ४४ आणि किमान २८ अंश असेल तर सरासरी ३६ येते. २४ अंशांपर्यंत थंडाव्याची गरज नाही असे धरले तर त्या दिवसाच्या खात्यात १२ अंश जमा झाले. महिन्याच्या सगळ्या दिवसांची अशी बेरीज करायची. मग जानेवारीत कूलर-एसी बंद असताना लागते तेवढी वीज मेच्या वापरातून वजा केली की उरते ती थंडाव्याची वीज. तिला त्या बेरजेने भागायचे.

उदाहरणादाखल, एका वर्षी बेरीज ३६० आणि थंडाव्याचे युनिट १,८०० असतील तर अंशामागे ५ युनिट पडले. दुसऱ्या वर्षी बेरीज २४० आणि युनिट १,३२० असतील तर अंशामागे साडेपाच. थंडाव्याचे युनिट चौथ्या हिश्शाहून जास्त घटले, इमारत मात्र पूर्वीपेक्षा वाईट चालली. कूलरच्या जाळ्या चोंदल्या असतील, एसीचा गॅस उतरला असेल, कुणीतरी एक जादा एसी लावला असेल. यासाठी लागणारे तापमान आणायला लांब जायची गरज नाही. विम्यासाठी ज्या मंडळनिहाय नोंदी मोबाइलवर फिरतात, त्याच इथे कामाला येतात.

या आलेखांचा खरा उपयोग बांधकामाच्या प्रश्नात आहे. तालुक्यातली जुनी धाब्याची घरे जाड मातीच्या भिंतींची आणि लाकडी सऱ्यांवर माती अंथरलेल्या छताची. त्यांची निगा राखणे कष्टाचे होते, म्हणून सिमेंटचा स्लॅब आला आणि पंचायतीची कार्यालये, शाळा, आरोग्य केंद्रे सगळी त्याखाली गेली. एकमजली इमारतीत ऊन सर्वाधिक शिरते ते छतातून. केंद्राच्या २०१८ च्या इको-निवास संहितेने निवासी इमारतींच्या छतातून उष्णता किती वेगाने आत यावी याला मर्यादा घातली आहे. कुठलेही आवरण नसलेला साधा स्लॅब त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक उष्णता आत सोडतो. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरण आणले, अहमदाबादच्या उष्णता कृती आराखड्यातही पांढऱ्या छतांना जागा मिळाली. यावलमध्ये हा प्रयोग मोजून करता येईल. सारख्या बांधणीची दोन वसतिगृहे घ्यायची, मार्चमध्ये एकाच्या छताला चुन्याचा पांढरा लेप द्यायचा, दुसरे तसेच ठेवायचे आणि दोन्हींच्या रोजच्या युनिटांची रेघ जूनपर्यंत एकाच कागदावर काढायची. फरक पडला तर पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीच्या निधीतून बाकीची छते रंगवायला पुरावा मिळेल. नाही पडला तर चुन्याचे पैसे वाचतील.

पंख्यांचा हिशेब तर शाळेतल्या मुलांनाही करता येईल. बारा जुने पंखे, प्रत्येकी ७५ वॅट, रोज सहा तास, महिन्याचे २५ दिवस: १३५ युनिट. त्याजागी ३० वॅटचे नवे बीएलडीसी पंखे लावले तर ५४. म्हणजे ८१ युनिटांची घट आलेखात दिसायलाच हवी. दिसली नाही तर पंखे बदलले गेले की फक्त त्यांचे बिल निघाले, हे तपासायला हवे.

स्मार्ट मीटरवरून राज्यात बराच गदारोळ झाला आणि बिल वाढेल ही लोकांची भीती अजून पुरती गेलेली नाही. त्या भीतीवर उतारा म्हणून जुन्या मीटरची तीन वर्षांची रेघ आधीच काढून ठेवावी. नवे मीटर बसल्यावर ती उडी मारते का, हे मग भांडण न करता दाखवता येते. स्मार्ट मीटरचा एक फायदा मात्र मान्य करायला हवा. कार्यालय बंद असताना किती वीज जाते, हे त्यातून दिसते. सरकारी कार्यालय शुक्रवारी संध्याकाळी सव्वासहाला बंद होऊन सोमवारी पावणेदहाला उघडते, म्हणजे साडेत्रेसष्ट तास. त्या काळात पाण्याचा कूलर, यूपीएस, व्हरांड्यातले दिवे मिळून ४०० वॅट जरी चालू राहिले तरी दर शनिवार-रविवारी २५ युनिट जातात, महिन्याला शंभरावर. हे शोधायला स्मार्ट मीटरच हवे असेही नाही. शिपायाने शुक्रवारी निघताना आणि सोमवारी आल्यावर मीटरचा आकडा वहीत टिपला तरी पुरे.

मग सौर पॅनेलचे काय? सातारा जिल्ह्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. त्याच वर्षी आलेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या घरगुती यंत्रणेला ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते. छतावर पॅनेल आले की बिल एकदम खाली येते आणि इथेच एक नवा घोळ जन्माला येतो. नेट मीटरच्या बिलावर जी दिसते ती घेतलेल्या आणि दिलेल्या विजेची वजाबाकी. इमारतीचा खरा वापर त्यात दिसत नाही. तो काढायचा तर महावितरणकडून घेतलेली वीज अधिक पॅनेलने बनवलेली वीज, वजा ग्रीडला दिलेली वीज, असा हिशेब करावा लागतो. तो केला नाही तर ‘आता वीज फुकट आहे’ म्हणून वाढलेले चार एसी बिलात वर्षभर लपून राहतात. पॅनेलच्या निर्मितीचीही स्वतंत्र रेघ हवी. पॅनेलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते. त्याहून प्रत्येक अंशामागे ती साधारण ०.३५ ते ०.४ टक्क्यांनी घटते. यावलच्या उन्हात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले तर १४ ते १६ टक्के वीज तिथेच गेली. भर मे महिन्यात निर्मिती अपेक्षेहून कमी दिसली म्हणून ठेकेदाराला धारेवर धरण्याआधी हे माहीत असायला हवे, आणि दर वर्षी मार्चचा आकडा घसरत असेल तर धुळीसाठी त्याला धारेवर धरायलाही हवे.

आक्षेप घेतले जातील आणि त्यातला एक गंभीर आहे. आलेख लागला की वरिष्ठ आकडा कमी करायला सांगतील, आणि आकडा कमी करायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे वर्गातला पंखा बंद करणे. थकबाकीपायी वीज तोडलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळा या राज्याने पाहिल्या आहेत. त्यांचा आलेख सर्वांत सुंदर असतो, थेट शून्यावर. ग्रामीण रुग्णालयात नवे शीतकपाट आले, प्रसूती कक्षात एसी बसला, तर रेघ वर जाईल आणि ती जायलाच हवी. म्हणून आलेखाखाली त्या महिन्यात काय बदलले याच्या दोन ओळी लिहायची जागा असावी आणि कमी वापरासाठी बक्षीस तसेच जास्त वापरासाठी कारणे दाखवा नोटीस, दोन्ही पहिली दोन वर्षे बंद ठेवावीत. ‘शिक्षक-ग्रामसेवकांवर आणखी एक काम’ ही तक्रारही खोटी नाही. पण फैजपुरात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, धनाजी नाना महाविद्यालय आहे. नॅकच्या सातव्या निकषात महाविद्यालयांना ऊर्जा लेखापरीक्षणाबद्दल विचारले जाते, त्यासाठी अहवाल तयार होतात. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या इमारतीसोबत गावातल्या पाच सार्वजनिक इमारतींच्या छत्तीस महिन्यांच्या नोंदी घातल्या तर त्यांचा प्रकल्प होईल आणि गावाचे काम होईल.

आकडे लोकांसमोर ठेवायचे कसे, हा प्रश्न ब्रिटनने दारातच सोडवला. तिथे ऑक्टोबर २००८ पासून मोठ्या सार्वजनिक इमारतींना ऊर्जावापराचे प्रमाणपत्र प्रवेशद्वाराजवळ, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असे लावावे लागते. सुरुवातीला १,००० चौरस मीटरवरच्या इमारतींना असलेले बंधन २०१५ पर्यंत २५० चौरस मीटरपर्यंत खाली आले. त्या कागदावर चालू वर्षाच्या दर्जाबरोबर आधीच्या वर्षांचे आकडेही असतात, त्यामुळे इमारत सुधारते आहे की बिघडते आहे, हे दाखला घ्यायला आलेल्या माणसालाही कळते. न्यूयॉर्क शहराने २०२० पासून मोठ्या इमारतींच्या दारावर अक्षरी श्रेणी लावायला सांगितली. यावलच्या तहसील कार्यालयात सेवा हमीचा फलक लागतो, माहिती अधिकाराचा लागतो; त्याच भिंतीवर एक फलक आणखी मावेल.

याची सुरुवात पंचायत समितीला करता येईल. प्रत्येक ग्रामपंचायतीने प्रत्येक जोडणीसाठी पाच रकान्यांचा एक तक्ता भरावा: महिना, बिलाचे दिवस, युनिट, रीडिंग प्रत्यक्ष की सरासरी, त्या महिन्यातला बदल. तीन वर्षांच्या छत्तीस ओळी. कार्यालय, पाणीपुरवठा, पथदिवे आणि शाळा यांचे चार वेगळे आलेख, प्रत्येकावर तीन वर्षांच्या तीन रेघा एकाखाली एक. १ मेच्या ग्रामसभेला ते लावावेत, कारण तेव्हा एप्रिलचा उकाडा सगळ्यांच्या अंगावर ताजा असतो आणि यंदाचा एप्रिल गेल्या एप्रिलपेक्षा कसा होता, हे कुणाला विचारावे लागत नाही. पहिल्याच वर्षी त्यातून फार मोठी बचत निघणार नाही. निघेल ती ‘सरासरी’ असा शेरा असलेल्या महिन्यांची यादी, आणि ज्या जोडण्यांवर तो शेरा सलग सहा महिने आहे त्या मीटरच्या तपासणीचा अर्ज त्याच सभेत ठरावासह महावितरणच्या उपविभागाकडे पाठवता येईल.